सिल्व्हर पार्ककरांनो, रॅली पुरे!

२६ जून आला की रॅली, शपथ, फोटो. मग वर्षभर सामसूम! २०२५ मध्ये आपले पोलीस एमडीचा माग काढत थेट तेलंगणातल्या कारखान्यापर्यंत पोचले. शाब्बास. पण उद्या जिन्यात पोरगं बेशुद्ध सापडलं तर काय करायचं, हे कोणाला माहितीये? तोंडात पाणी ओतू नका, कुशीवर वळवा, श्वास बघत राहा, १०८ लावा. वॉचमन, रिक्षावाले, जिमवाले यांना एवढं शिकवायला एक रविवार पुरे!

आईबाप 'केस होईल' म्हणून लपवतात. अहो, एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वाचा. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार पूर्ण केले, तर खटल्यातून सूट आहे. हे कुठल्या बॅनरवर दिसलं? महापालिकेने पुढाऱ्यांचे चेहरे काढून व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ छापावी. आणि प्रशिक्षण कधी, तारीख सांगा.