विश्लेषण : ‘बॉर्डरलाइन’ विकारात मेंदूत काय घडते? त्याची झळ कुटुंबाला का बसते?

संध्याकाळी नवऱ्याने एक फोन उचलला नाही. तासाभराने तो घरी पोहोचला तेव्हा बायको बॅग भरून बसली होती. ‘तुला मी नकोच आहे’ हे तिचे पहिले वाक्य. रात्री तिनेच रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सगळे सुरळीत झाले आणि चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू झाले. अशा घरांत नातेवाईकांचे निदान ठरलेले असते: ‘नाटकं आहेत’, ‘लाडाने बिघडली’, ‘बाहेरचं काही आहे का बघा’. मुलगी अविवाहित असेल तर ‘लग्न झालं की होईल नीट’ हा सल्लाही मिळतो. प्रत्यक्षात या वागण्यामागे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजेच बीपीडी हा मानसिक विकार असू शकतो.

बीपीडी म्हणजे काय?

भावनांची तीव्र आंदोलने, सोडून दिले जाण्याची सततची भीती, टोकाची नाती, स्वतःविषयीची डळमळीत प्रतिमा, आतून रिकामे वाटणे, अनावर राग, घाईघाईने केलेल्या घातक कृती आणि स्वतःला इजा करणे ही त्याची प्रमुख लक्षणे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीत हे निदान १९८० मध्ये समाविष्ट झाले. सध्याच्या आवृत्तीत एकूण नऊ निकष आहेत. त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ आणि आयुष्याच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसले, तरच तज्ज्ञ हे निदान करतात. एखादे भांडण किंवा चिडका स्वभाव म्हणजे बीपीडी नव्हे. बायपोलर विकारात मनःस्थितीचा एक टप्पा अनेक दिवस ते आठवडे टिकतो, तर बीपीडीत ती काही तासांतही पालटते आणि बहुतेकदा नात्यातला एखादा प्रसंग त्याला निमित्त ठरतो.

मेंदूत नेमके काय घडते?

धोक्याची सूचना देण्यात मेंदूतील अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग मोठी भूमिका बजावतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्या सूचनेची शहानिशा करतो आणि आवर घालतो. बीपीडी असलेल्या अनेकांमध्ये पहिला भाग अतिसंवेदनशील, तर दुसऱ्याची पकड तुलनेने सैल असल्याचे मेंदूच्या स्कॅनवर आधारित अभ्यासांत आढळले आहे. समोरच्याचा निर्विकार चेहराही अशा व्यक्तीला रागीट किंवा धमकावणारा वाटू शकतो. घरात फोडणीचा धूर झाला तरी आगीचा भोंगा वाजावा आणि तो बंद करण्याचे बटण लवकर सापडू नये, तशी ही स्थिती असते. भोंगा चुकून वाजला, तरी ऐकणाऱ्याची घबराट खरीच असते.

मात्र हे निष्कर्ष रुग्णांच्या गटांच्या सरासरीचे आहेत. एका व्यक्तीचा स्कॅन किंवा रक्ततपासणी करून बीपीडीचे निदान होत नाही. तसा दावा कोणी करत असेल, तर सावध राहावे.

हा विकार आनुवंशिक आहे का?

काही अंशी आहे. स्वीडनमध्ये १९७३ ते १९९३ या काळात जन्मलेल्या १८ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४६ टक्के निघाला. याचा अर्थ एका रुग्णाचा ४६ टक्के आजार आईवडिलांकडून आला असा नाही. लोकसंख्येत या विकाराच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा जवळपास निम्मा भाग जनुकांशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना असलेला धोका इतरांच्या जवळपास पाचपट आढळला. पण मूळ धोकाच कमी असल्याने बहुतेक भावंडांना हा विकार होत नाही.

उरलेला वाटा परिस्थितीचा. अनेक रुग्णांच्या बालपणात छळ, दुर्लक्ष किंवा लैंगिक अत्याचार आढळतात, पण सर्वांच्या नाही. जन्मतः हळवे मूल आणि ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस’ असे सतत ऐकवणारे वातावरण, यांची गाठ पडली की त्रास वाढत जातो, अशी मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहन यांनी केली. असे वातावरण प्रेमळ घरातही नकळत तयार होऊ शकते. त्यामुळे ‘आईनेच बिघडवले’ हा निवाडा जितका सोपा, तितकाच तो अपुरा.

कुटुंबाचे काय होते?

घरातील प्रत्येक जण शब्द तोलूनमापून बोलू लागतो. पाहुण्यांना बोलावणे बंद होते. आईची झोप उडते, वडील गप्प होतात, धाकटे भावंड ‘शहाणे’ बनून स्वतःच्या अडचणी सांगणेच सोडते. जोडीदाराला एका आठवड्यात देव आणि दुसऱ्यात वैरी ठरवले जाते. स्वतःला इजा करण्याची भीती घरात सतत वावरत असते. त्यात ‘आपले काय चुकले’ हा प्रश्न पाठ सोडत नाही.

केवळ माहिती वाचून हा ताण हलका होत नाही. अमेरिकेत २००३ मधील एका छोट्या अभ्यासात तर विकाराबद्दल अधिक जाणणाऱ्या नातेवाईकांवरचा ताणही अधिक आढळला होता. याउलट नातेवाईकांना संवादाची कौशल्ये शिकवणाऱ्या १२ आठवड्यांच्या ‘फॅमिली कनेक्शन्स’ या उपक्रमानंतर त्यांच्यावरील भार आणि दुःख कमी झाल्याचे दिसले.

उपचार आहेत का?

आहेत. लिनहन यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (डीबीटी) भावना आवरण्याची कौशल्ये टप्प्याटप्प्याने शिकवते. तरुणपणी आपणही गंभीर मानसिक आजारातून गेल्याचे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. बीपीडीसाठीच मान्यता मिळालेले औषध नाही. सोबतच्या नैराश्यासारख्या त्रासांवर मात्र औषधे दिली जातात. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयाच्या २९० रुग्णांचा १० वर्षे पाठपुरावा झाला. त्यांतील ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या निकषांखाली राहिली. नोकरी आणि नात्यांसह आयुष्य सावरणारे मात्र निम्मेच होते.

घरच्यांनी काय करावे?

आधी भावना मान्य करावी, वाद नंतर. ‘तुला आत्ता फार एकटं वाटतंय, हे दिसतंय मला’ असे म्हणणे म्हणजे आरोप कबूल करणे नव्हे. मर्यादा मात्र शांतपणे सांगाव्यात: ‘आवाज खाली आला की बोलू, मी शेजारच्या खोलीत आहे.’ आत्महत्येचे बोलणे ‘धमकी’ म्हणून झटकू नये. त्याविषयी थेट विचारल्याने धोका वाढत नाही. तातडीच्या वेळी रुग्णालय गाठावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मराठीतूनही बोलता येते. ही मदत नातेवाईकांसाठीही आहे.

मेंदूचे विज्ञान कळले म्हणून घरातले भांडण थांबत नाही, पण ‘दोष कोणाचा’ हा निरर्थक खटला तरी थांबू शकतो. सरकारी मानसोपचार विभागांनी आता पुढचे पाऊल उचलायला हवे. केसपेपरवर नाव एकाचे असले, तरी उंबऱ्याबाहेर बाकावर बसलेल्या आईलाही आठवड्यातून एक तास मिळायला हवा. तोही उपचाराचाच भाग आहे.