‘जीव घाबरा होतो’ याचे इंग्रजी काय?

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १ मार्च २०२५ रोजी काढलेल्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. त्याच आदेशाने बिल क्लिंटन यांचा ऑगस्ट २००० मधील आदेश रद्द झाला. इंग्रजी न येणाऱ्यांना संघराज्य सरकारच्या निधीवर चालणाऱ्या सेवा त्यांना समजेल अशा भाषेत मिळाव्यात, हा त्या जुन्या आदेशाचा गाभा होता. या बदलाची चर्चा बहुधा स्थलांतर आणि राष्ट्रीय अस्मिता यांच्या अंगाने झाली. त्याचा सर्वांत नाजूक परिणाम मात्र रुग्णालयातील खाटेशी, परिचारिका आणि रुग्ण यांच्या रोजच्या चार वाक्यांत जाणवणार आहे.

रुग्णालयांवरील बंधन या एका आदेशाबरोबर संपलेले नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ अजून जागेवर आहेत. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णास पात्र दुभाषी विनामूल्य द्यावा, असे या कलमाखालील २०२४ ची नियमावली सांगते. अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास तीत मनाई आहे; तातडीच्या प्रसंगी, दुभाषी मिळेपर्यंतच काय ती सवलत. प्रौढ नातेवाइकाने दुभाषी व्हायचे असेल तर तशी इच्छा रुग्णानेच, त्या नातेवाइकाच्या अनुपस्थितीत आणि पात्र दुभाष्यासमोर, व्यक्त करावी लागते. महत्त्वाच्या मजकुराचे यंत्राने केलेले भाषांतर जाणकार माणसाने तपासले पाहिजे, हेही नियमातच आहे. पण नियमावली म्हणजे कायदा नव्हे. २०१६, २०२० आणि २०२४ अशी तीन वेळा, तीन वेगळ्या प्रशासनांनी ती लिहिली; चौथ्यांदा लिहिली जाणारच नाही, अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही.

भाषांतर चुकले तर काय होते, याचे अमेरिकी वैद्यकातील सर्वश्रुत उदाहरण १९८० चे, फ्लोरिडामधील आहे. अठरा वर्षांचा एक क्युबन वंशाचा तरुण बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला. घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा त्यांचा आशय. ऐकणाऱ्यांनी इंग्रजीतील जवळचा शब्द धरून अमली पदार्थांची नशा असा अर्थ लावला. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झालेला होता. निदानास उशीर झाला, तरुणाचे चारही अवयव कायमचे लुळे पडले आणि पुढे सुमारे ७.१ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या खोलीत कोणाला दुभाष्याची गरजच भासली नव्हती, कारण शब्द कळला असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

मराठीत असे शब्द कमी नाहीत. ‘जीव घाबरा होतो’ असे एखाद्या आजींनी म्हटले आणि नातवाने ‘तिला भीती वाटते’ असे इंग्रजीत सांगितले, तर परिचारिका धीर देईल, कदाचित चिंताविकाराची नोंद करील. आजींना मात्र धडधड, घुसमट, छातीत काहीतरी बिनसल्याची जाणीव सांगायची असते, आणि ही लक्षणे हृदयविकाराचीही असू शकतात. कळ, चमक, ठणका, ठुसठुस, पेटका, मुंग्या, भगभग या प्रत्येक शब्दाला दुखण्याची निराळी जात आहे. त्या सर्वांचे इंग्रजीत ‘पेन’ झाले की पुढचा प्रश्न येतो, शून्य ते दहामध्ये किती? जन्मभर दुखणे अंगावर काढलेली बाई ‘आहे थोडं’ म्हणते आणि नातू तीन सांगतो.

आदराचा प्रश्न येथेच येतो, आणि तो गोड बोलण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत परिचारिका ऐंशी वर्षांच्या रुग्णास पहिल्या नावाने हाक मारते, त्यात अवमान नसतो. ‘अहो-जाहो’ची सोय इंग्रजीत नाही, एवढेच. ‘स्वीटी’, ‘हनी’ यांची गोष्ट वेगळी. वृद्धांशी लहान मुलांशी बोलावे तसे बोलण्याच्या या पद्धतीचा कॅन्सस विद्यापीठातील संशोधकांनी शुश्रूषागृहांत अभ्यास केला. अशा बोलण्याने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण शांत होण्याऐवजी काळजी घेणाऱ्यांना अधिक विरोध करतात, असे त्यांना आढळले. महाराष्ट्रातील परिचारिका ‘आजी, हात पुढे करा’ म्हणते तेव्हा नाते जोडते, पण क्रियापद आदरार्थीच ठेवते. हा बारकावा दुभाष्याच्या आवाजात टिकू शकतो, दूरध्वनीवरील भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये त्याची शाश्वती नाही.

अमेरिकी व्यवस्था आदर मोजतेही. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांच्या राष्ट्रीय पाहणीत, परिचारिका सौजन्याने आणि आदराने वागल्या का, त्यांनी लक्षपूर्वक ऐकले का, समजेल असे सांगितले का, असे प्रश्न असतात. उत्तरांवर मेडिकेअरच्या देयकांचा काही भाग अवलंबून असतो. ही पाहणी इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी इत्यादी भाषांत उपलब्ध आहे. भारतीय भाषांपैकी एकही त्यात नाही. म्हणजे ज्याला परिचारिकेचे बोलणे सर्वांत कमी कळले, त्याचेच मत सहसा मोजले जात नाही.

दोष केवळ व्यवस्थेचा मानणे मात्र सोयीचे ठरेल. दाखल होताना भाषा विचारली की ‘आम्ही आहोत ना सांगायला’ असे उत्तर आपल्याच घरांतून जाते. नोंदीत ‘हिंदी’ लिहिले गेले तरी कोणी दुरुस्त करीत नाही. त्यामागे भिडस्तपणा असतो, परिचारिकेची धावपळ दिसत असते, आणि कधीकधी एक अवघड हेतूही असतो: कर्करोगाचे निदान आईला कळू नये. मुलगाच दुभाषी असेल तर तो ते वाक्य गाळू शकतो. पात्र दुभाषी गाळू शकत नाही, आणि म्हणूनच काही कुटुंबांना तो नको असतो. माया खरी असते. तरीही आपल्याच देहाविषयीच्या संभाषणात आई तिऱ्हाईत होते. जाणून घ्यायचे नाही, हे ठरविण्याचा अधिकारही तिचाच, आणि तो बजावायला तिला आधी कोणीतरी तिच्या भाषेत विचारावे लागते.

परिचारिकेच्या बाजूनेही पाहावे. एकेका पाळीत अनेक रुग्ण, त्यात दुभाषी जोडून मिळेपर्यंतची खोळंब्याची मिनिटे. अशा वेळी खाटेशेजारी इंग्रजी जाणणारा नातू दिसला की मोह होणारच. शिवाय तिच्यासमोरच मराठीत तिच्या वर्णावर वा उच्चारावर शेरे मारणारे महाभाग आपल्यात नाहीत असे नाही. शब्द तिला कळत नसतील, सूर कळतो.

संघराज्याच्या धोरणाची दिशा पाहता, रुग्णालयांच्या अंदाजपत्रकात दुभाषी सेवेवर कात्री चालण्याची भीती अनाठायी नाही, आणि ज्या भाषेची मागणी नोंदलेलीच नाही तिच्यावर ती आधी चालेल. म्हणून दाखल होतानाच्या अर्जातील एक ओळ महत्त्वाची आहे. पसंतीची भाषा: मराठी. दुभाषी हवा: होय. कोणत्या नावाने हाक मारावी, हेही त्याच वेळी सांगता येते. अनेक रुग्णालयांत ते खाटेसमोरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहितात. तेथे ‘मिसेस कुलकर्णी’ किंवा नुसते ‘आजी’ असे लिहायला कोणत्याही परिचारिकेची हरकत असत नाही.