कॅमेरा कोणासाठी?

स्तनांच्या कर्करोगाच्या निदानासाठी उष्णतेची चित्रे टिपणारे, संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने ती वाचणारे कॅमेरे आता शिबिरांतून मिरवू लागले आहेत. पुढाऱ्यांना फीत कापावयास हे बरे! उष्णताचित्रण मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच दिलेला आहे.

यंत्रपूजकांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा १९९८ पासून वीस वर्षे चाललेला प्रयोग अभ्यासावा. झोपडवस्त्यांतील दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी चार वेळा नुसत्या हातांनी तपासणी केली. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. (३५ ते ६४ हा सर्व वयोगट धरता घट १५ टक्केच, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, हेही सांगितले पाहिजे.) सरकारचे २०१६चे धोरण मात्र पाच वर्षांतून एकदा तपासणीचे!

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातास गाठ लागली, तर पुढील तपासणीसाठी अमरावती-नागपूर गाठताना एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज तिच्याच पदरचा. दोन वर्षांनी तपासणी, आशा सेविकांना त्याचे वेतन आणि संशयित रुग्णेस मजुरीची भरपाई, या मागण्या घेऊन आपल्या कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीवर गेले पाहिजे. कॅमेऱ्याच्या खरेदीचे नंतर पाहू.