रेषेवरचा निकाल
चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे ठरवण्याचे काम विम्बल्डनने 2025 साली रेषापंचांकडून काढून पूर्णपणे यंत्रणेकडे सोपवले. ऑस्ट्रेलियन ओपनने हे 2021 मध्येच केले होते. फ्रेंच ओपनमध्ये मात्र अजून रेषापंच आहेत, कारण लाल मातीत ठसा उमटतो आणि मुख्य पंच खाली उतरून तो तपासू शकतो. विम्बल्डनच्या गवतावर कॅमेरे चेंडूचा मार्ग टिपतात आणि ध्वनिमुद्रित आवाज ‘आउट’ पुकारतो. 2025 मध्येच तिथे चौथ्या फेरीत सोनाय कार्टालचा फटका सरळसरळ बाहेर गेला, तरी आवाज आलाच नाही. कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणा चुकून बंद केली गेली होती! गेम पॉइंटवर असलेल्या तिच्या प्रतिस्पर्धी पाव्ल्युचेन्कोव्हाचा तो हक्काचा गुण पंचांनी पुन्हा खेळायला लावला आणि तो गेम तिच्या हातून गेला. पुढे सामना तिनेच जिंकला, पण म्हणून अन्याय पुसला जात नाही. यंत्रणा गप्प राहिल्यास निर्णय मुख्य पंचानेच द्यायचा असतो. तो देता येत नसेल तरच गुण पुन्हा खेळवतात. इथे निर्णय द्यायला हवा होता. नंतर आयोजकांनी यंत्रणा हाताने बंद करण्याची सोयच काढून टाकली.