बाळू पालवणकर यांचे स्मृतिकार्य आणि मैदान कर्मचाऱ्यांसाठी राज्य पुरस्कार : निवेदन

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : थोर फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांच्या नावे मैदान कर्मचाऱ्यांसाठी राज्य पुरस्कार सुरू करणे आणि त्यांच्या कार्याचे जतन करणे याबाबत.

महोदय,

पुणे व मुंबई परिसरात खेळपट्ट्या तयार करणारे कर्मचारी, स्थानिक स्पर्धांतील पंच व गुणलेखक आणि काही माजी खेळाडू यांच्या वतीने आम्ही हे निवेदन सादर करीत आहोत. बाळू बाबाजी पालवणकर यांची जन्मतारीख बहुतेक क्रिकेट नोंदींत १९ मार्च १८७६ अशी आढळते. त्या हिशेबाने २०२६ हे त्यांचे १५० वे जयंतीवर्ष आहे. या निमित्ताने शासनाने एखादा समारंभ करून थांबू नये, टिकणारे काही करावे, अशी आमची विनंती आहे.

खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय शासनाने घेतला, तेव्हा कुस्तीशी ज्यांचा संबंध नाही अशांनाही आनंद झाला. हेलसिंकीचे १९५२ चे कांस्यपदक गोळेश्वरच्या एका मल्लाने आणले, हे शाळाशाळांतील मुलांना त्यामुळे कळू लागले. बाळूंच्या बाबतीतही तसेच व्हावे असे आम्हांला वाटते. मात्र बाळूंनी मागे ठेवलेले पदक नाही की चषक नाही. आपण मैदान कोणाचे मानतो, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

बाळूंचा जन्म धारवाडचा, घराणे कोकणातले, समाज चर्मकार. वडील लष्करी नोकरीत होते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम खेळायला शिकले. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम त्यांना मिळाले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबने त्यांना चार रुपये पगारावर ठेवले. तेथे जाळ्या उभारणे, खेळपट्टी लोटणे, चुन्याच्या रेषा मारणे ही त्यांची कामे. सभासदांच्या सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावखुरा हात घडला. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येत, ते केवळ बाळूंची गोलंदाजी खेळता यावी म्हणून. ग्रेग यांना बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, पण त्या क्लबात फलंदाजीच्या सरावासाठी त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी साहेबाची, अशी ती वाटणी होती.

गोऱ्यांशी सामना ठरला तेव्हा पुण्यातील हिंदू संघाला बाळूंची गरज भासली. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि अखेर घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे. साताऱ्याच्या युरोपियन संघाविरुद्ध त्यांनी सामना जिंकून दिल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात कमीपणा कसला, अशी समज त्यांनी संघातील मंडळींना दिल्याचेही अभ्यासकांनी नोंदवले आहे.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईला आले, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. राज्यकर्त्यांच्या घरच्या मैदानावर, त्यांच्याच खेळात मिळवलेला हा विजय होता. त्यात मोलाचा वाटा बाळूंच्या गोलंदाजीचा आणि शिवराम यांच्या फलंदाजीचा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, तरीही दुखऱ्या खांद्याने बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले आणि सरासरी राखली १८.८४. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी नोंदले आहेत, सरासरी १५.२१. प्रथम श्रेणीचे दार उघडले तेव्हा ते तिशीला पोहोचले होते, हे या आकड्यांबरोबर वाचावे. विनू मंकड, बापू नाडकर्णी, पद्माकर शिवलकर अशी डावऱ्या फिरकीची जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो, तिच्या आरंभी हा रोलर ओढणारा माणूस उभा आहे.

संघातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० मध्ये युरोपियन, पारशी, हिंदू व मुस्लिम संघांच्या चौरंगी स्पर्धेत तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर पत्रक काढून माघार घेतली. आपल्यावरचा अन्याय जातीमुळे होतो आहे हे त्यांनी नोकरी-खेळाची पर्वा न करता लेखी सांगितले. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातील हे फार मोठे धैर्य आहे, असे आम्ही मानतो. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली.

या इतिहासाच्या आधारे आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, राज्य क्रीडा पुरस्कारांबरोबरच मैदान कर्मचाऱ्यांसाठी बाळू पालवणकर यांच्या नावे स्वतंत्र वार्षिक पुरस्कार असावा. तो केवळ क्रिकेटपुरता ठेवू नये. तालमीत तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मिसळून हौदा तयार ठेवणारे वस्ताद आणि त्यांचे मदतनीस, कबड्डी-खोखोची मैदाने पहाटे आखणारे शिपाई, धावमार्ग राखणारे कर्मचारी हे सर्व त्यात यावेत. कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांना वगळू नये, कारण आज मैदानांवरचे बरेचसे काम तेच करतात. अर्ज मराठीत व एका पानाचा असावा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांची शिफारस खेळाडूंनाही करता यावी. निवड समितीत निवृत्त मैदान कर्मचारी असावेत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२४ च्या आयपीएलनंतर नियमित सामने झालेल्या दहा मैदानांवरील कर्मचाऱ्यांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर केले होते. त्यांची दखल घेता येते हे त्यावरून दिसले. पण जिथे दूरचित्रवाणीचे कॅमेरे येत नाहीत अशा तालुक्याच्या मैदानांपर्यंत ही दखल पोहोचवणे शासनालाच शक्य आहे.

याला जोडूनच, शासनाच्या जिल्हा व तालुका क्रीडासंकुलांत काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मुलामुलींना तेथील प्रशिक्षण विनामूल्य मिळावे आणि मैदान मोकळे असताना कर्मचाऱ्यांना स्वतः सराव करण्यास मुभा असावी, असा आदेश निघावा. जो रोलर ओढतो त्याच्या घरच्या मुलीने कुंपणाबाहेर उभे राहून सराव पाहावा, हे दृश्य आम्ही अजूनही पाहतो. बाळूंच्या हाती न आलेली बॅट आज तिच्या हाती यावी, यापेक्षा चांगले स्मारक आम्हांला सुचत नाही. याला खर्चही फारसा येणार नाही.

विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन १९४८ साली प्रसिद्ध झाले. या भावांच्या काळाचा घरातल्या माणसाने मराठीत लिहिलेला हा वृत्तान्त आहे. रामचंद्र गुहा यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात त्याचा आधार घेतला आणि जगाला पालवणकर बंधू पुन्हा माहीत झाले. मराठी वाचकाने मात्र आपल्याच भाषेतले मूळ पुस्तक सोडून इंग्रजीतून ही हकिकत वाचावी, हे योग्य नाही. वारसांच्या संमतीने, टिपा व छायाचित्रांसह त्याची नवी आवृत्ती शासनाने काढावी व प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. तत्कालीन मराठी वृत्तपत्रांतील चौरंगी सामन्यांची वृत्ते आणि धावफलक एकत्र करून अभ्यासकांना खुले करावेत.

पूना क्लब आणि बॉम्बे जिमखाना येथील मैदाने आजही आहेत. संबंधित संस्थांशी बोलून तेथे माहितीफलक लावावेत. फलकावर विजयाबरोबर मातीच्या भांड्यातल्या चहाचीही नोंद असावी, एवढा आमचा आग्रह आहे. ती गोष्ट गाळून केलेला गौरव आम्हांला नको.

शालेय पाठ्यपुस्तकात बाळूंवर पाठ घ्यावा, ही शेवटची मागणी. तो लिहिताना त्यांचे राजकीय आयुष्य लपवू नये. तरुण वयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बाळूंविषयी मोठा आदर होता. पुढे मते वेगळी झाली आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. एकाच अन्यायाविरुद्ध झगडणाऱ्या दोन माणसांचे मार्ग वेगळे असू शकतात, हे आठवी-नववीच्या मुलांना समजते. त्यांना समजणार नाही या भीतीने आपणच काही गाळू नये.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी झाले. पुरस्काराचा शासन निर्णय येत्या ४ जुलैपूर्वी निघावा व पहिला पुरस्कार त्यानंतरच्या राज्य क्रीडा दिनी दिला जावा, अशी विनंती आहे. पुरस्काराच्या नियमावलीचा कच्चा मसुदा आमच्यापैकी मैदानावर काम करणाऱ्यांनीच तयार केला असून तो सोबत जोडला आहे. त्यावर चर्चेसाठी आपण भेटीची वेळ द्यावी. शक्य असल्यास ती दुपारची असावी, कारण सकाळ-संध्याकाळ आमच्यातील बरेच जण मैदानावर कामात असतात.

कळावे,

आपले विश्वासू,
मैदान कर्मचारी, पंच, गुणलेखक व माजी खेळाडू, पुणे-मुंबई परिसर

सोबत : १) सह्यांची यादी २) पुरस्कार नियमावलीचा मसुदा

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे