रविवारची सायकल आणि सोमवारची सायकल

पुण्यात सध्या दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक रविवारची आणि दुसरी सोमवारची.

रविवारची सायकल साठ-सत्तर हजारांची असते. (लाखाच्या पुढे गेली तर किंमत चारचौघांत दोनदा सांगितली जाते.) आठवडाभर ती हॉलमध्ये भिंतीला टांगलेली. रविवारी पहाटे साडेपाचला लिफ्टने खाली येते, खडकवासल्याला जाते, फारच उत्साह असेल तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते. मग पोहे, चहा, ग्रुप फोटो... आणि नऊच्या आत परत भिंतीवर.

सोमवारची सायकल काळी, गंजलेली, मडगार्ड खडखडणारी. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, दिव्याचा पत्ता नाही. ती तुमच्या सोसायटीच्या वॉचमनची असते, पेपर टाकणाऱ्याची असते, बांधकामावरच्या गवंड्याची असते. तिचा फोटो कोणी काढत नाही.

पहिली शौकाची, दुसरी नाइलाजाची. माझं या दोन्ही सायकलींशी भांडण नाही. भांडण आहे ते या दोघींच्या मधे जी तिसरी सायकल होती, ती आपण शांतपणे मरू दिली याच्याशी. रोजची सायकल! दूध आणायला, क्लासला, ऑफिसला, मित्राकडे आणि उगाच चक्कर मारायलाही. चालवणाऱ्याला परवडते म्हणून नव्हे आणि मिरवायची म्हणूनही नव्हे, तर सोपी पडते आणि मजा येते म्हणून चालवलेली.

पुणे हे सायकलींचं शहर होतं हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की त्याचा अर्थच कोणाला लागत नाही. त्याचा अर्थ असा होता की प्राध्यापक, कारकून, कारखान्यातला कामगार आणि कॉलेजला जाणारी मुलगी एकाच प्रकारच्या वाहनावर, एकाच रस्त्यावर होती. मग स्कूटर आली. चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. मग मोटारसायकल, मग कार, मग दुसरी कार. २०१८ साली आरटीओच्या नोंदीतल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि शहराच्या लोकसंख्येपेक्षा वाहनं जास्त अशी बातमी झळकली. सायकली कुठे गेल्या? कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, तिथे जाऊन बघा. फार सुंदर संग्रह आहे, जरूर बघा. पण सायकलींच्या शहरात सायकल बघायला संग्रहालयात जावं लागतं, यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण रविवारी चालवणारे चालवतायत ना, नसण्यापेक्षा बरं! इथेच मुद्दा आहे. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. रविवारची पहाट म्हणजे डेमोचं मशीन. लोड नाही, युजर नाहीत, सगळं मस्त चालतं. सोमवारी सकाळी नऊ म्हणजे प्रॉडक्शन. तिथे ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात, मधोमध विजेचा डीपी असतो, पुढे ट्रॅक अचानक संपून गटाराच्या झाकणावर उतरतो. ज्याने प्रॉडक्शनवर कधी चालवलंच नाही त्याला हे बग दिसणार कसे? आणि ज्याला ते रोज दिसतात, त्या वॉचमनचं ऐकतो कोण? त्याच्याकडे ईमेल पाठवायला वेळ नाही, नगरसेवक त्याला ओळखत नाही. ज्यांचं ऐकलं जातं ते नऊ वाजता काचा वर करून एसीत बसलेले. म्हणजे आपण. चांगल्या ट्रॅकची मागणी करायला ज्यांची ताकद आहे त्यांना त्याची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांचा आवाज नाही. या देशात रस्त्यावर वर्षाला चार हजारांहून जास्त सायकलवाले मरतात, केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालातही तेच. ते बहुतेक काही खडकवासल्याला पोहे खायला निघालेले नसणार.

कागदावर सगळं आहे हो. २००६ नंतर बीआरटीच्या निमित्ताने केंद्राच्या पैशातून सायकल ट्रॅक आखले गेले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात औंधात भाड्याच्या सायकली आल्या. मग पिवळ्या आल्या, केशरी आल्या, मोबाइलवरून कुलूप उघडायचं आणि निघायचं. सगळ्यांनी सेल्फी काढले. मग मोडतोडीच्या, चोरीच्या बातम्या आल्या आणि काही वर्षांतच त्या रंगीत सायकली दिसेनाशा झाल्या. कंपन्यांची गणितं चुकली असतील, मान्य. पण त्या गेल्या तेव्हा कोणी आरडाओरडा केला? नाही. कारण त्या कोणाच्याच रोजच्या नव्हत्या.

आता जरा माझ्या गावाकडे येतो. मी माणदेशातला. दहिवडी, म्हसवड, गोंदवले हा सगळा दुष्काळी पट्टा. वाड्यावस्त्या लांब लांब, हायस्कूल दुसऱ्या गावाला, एसटी चुकली की दिवस बुडाला. अशा ठिकाणी मुलीची शाळा कुठे सुटते? नापास झाल्यावर नाही, अंतरावर सुटते. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू केली, त्यांच्याच माणदेशी फाउंडेशनने शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. कारण साधं होतं, पोरीला शाळेपर्यंत पोचता आलं पाहिजे. हे काही नुसतं भावनेचं बोलणं नाही. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यावर कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली निघाली, आणि शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे परिणाम जास्त. म्हणजे सायकल काय करते, तर अंतर खाते.

आणि गंमत बघा. हिंजवडीचा फेज तीन ज्या गावच्या शिवारात उभा आहे, त्या मुळशीतल्या गावाचं नावही माणच. एका माणमधली पोरगी सायकलीमुळे वेळेवर वर्गात पोचते. दुसऱ्या माणमधला इंजिनिअर वीस लाखांच्या गाडीत बसून सिग्नलला तासभर अडकतो, घरी येतो, आणि मग गाडी काढून जिमला जातो. तिथे जाऊन काय करतो? जागच्या जागी सायकल मारतो! याला प्रगती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा बुवा.

सायकलीचं झालं तेच कॅमेऱ्याचं. कपाटात डीएसएलआर, दोन लेन्स, ट्रायपॉड. बाहेर कधी निघतो? सप्टेंबरात कासला, हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगोसाठी. मग सगळ्यांचे फोटो सारखेच. तीच फुलं, तेच पक्षी, त्याच कोनातून. आणि ज्या रस्त्याने माणूस वर्षातून पाचशे वेळा जातो त्याचा एक फोटो नाही. कारण तो रस्ता त्याने पाहिलेलाच नाही, फक्त ओलांडलाय.

बिल कनिंगहॅम नावाचा एक फोटोग्राफर होता, न्यूयॉर्क टाइम्सचा. २०१६ साली ८७ व्या वर्षी गेला. साधा निळा कामगारी कोट घालायचा आणि मॅनहॅटनमध्ये सायकलवरून फिरायचा. सायकली चोरीला जायच्या, तो दुसरी घ्यायचा. फिफ्थ अव्हेन्यू आणि सत्तावन्नावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं उभं राहून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे टिपले. कुठल्याही डोंगरावर न जाता! त्याच्या शहराने त्याला हयातीतच जितंजागतं स्मारक म्हणून गौरवलं. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घ्या, १९४९ चं पुस्तक. त्यातली माणसं शोधायला त्यांनी कुठली वीकेंड ट्रिप काढली नव्हती. ती आजूबाजूला होतीच, बघणारा डोळा रोजचा होता.

सायकल हा डोळा देते, आणि त्यामागे साधं गणित आहे. ताशी चाळीसच्या वेगाने सेकंदाला अकरा मीटर मागे पडतात, पंधराच्या वेगाने चार. शिवाय काच मधे नाही, हेल्मेटची व्हायझर नाही, आणि पाय टेकला की गाडी थांबली. पार्किंग शोधायला नको, मागच्याच्या शिव्या खायला नकोत. थांबता येतं म्हणून समोरच्याला 'फोटो काढू का' असं विचारताही येतं. आणि प्रकाश? फोटोवाले ज्या तिरप्या, सोनेरी उन्हासाठी जीव टाकतात ते ऊन नेमकं ऑफिसला जाता-येताच्या वेळी पडतं. डिसेंबरात पुण्यात सातच्या सुमारास उजाडतं, सहाला मावळतं. म्हणजे सगळ्यात चांगला प्रकाश रोज आपल्या वाट्याला येतो आणि आपण तेव्हा पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघत असतो. त्यासाठी डीएसएलआरही नको, खिशातला फोन पुरे. एकाच रस्त्यावर फेब्रुवारीत पळस पेटतो, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर. जुलैत धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. बुडालेल्या पुलाचे फोटो सगळे काढतात. पण त्या दिवशी लांबचा वळसा घालून, भिजत ड्यूटीवर पोचणाऱ्या सोमवारच्या सायकलवाल्याचा फोटो त्यालाच काढता येतो, जो त्याच्या शेजारून सायकल मारतोय.

आता नेहमीचे आक्षेप. घाम येतो. येतो! एक शर्ट जास्तीचा न्या. अंतर फार आहे. कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जा असं मी म्हणतच नाहीये. पण भाजी, बँक, जिम, मेट्रो स्टेशन हे तर दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे ना? तिथे कार कशाला? लोक काय म्हणतील? हा खरा आक्षेप आहे आणि तो कोणी तोंडाने बोलत नाही. ऑफिसच्या गेटवर कारवाल्याला सलाम मिळतो आणि सायकलवाल्याला 'कोणाकडे जायचंय?' असं विचारलं जातं. बिचारा सिक्युरिटीवाला, त्याचा काय दोष, तो स्वतः सायकलनेच येतो. साहेब सायकलवर येत नसतो हे त्याला आपणच शिकवलंय.

राहिला शेवटचा आक्षेप, जिवाची भीती. हा मात्र शंभर टक्के खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. लहान मूल घेऊन कर्वे रोडवर सायकल घाला असं कोण सांगेल? पण हॉलंडची गोष्ट ऐका. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यातली चारशेहून जास्त लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' हेच आंदोलनाचं नाव होतं. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारी बंद केल्या तेव्हा मोकळ्या रस्त्यांवर सायकली फिरल्या. तिथले लोक त्या मोकळ्या रविवारांवर खूश होऊन घरी बसले असते तर आज आपण त्यांचे ट्रॅक बघायला गेलो नसतो. त्यांनी सोमवार मागितला.

आपणही मागू शकतो. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. आपल्या रस्त्यावरचा ट्रॅक दुरुस्त करा, मेट्रोखाली सायकल स्टँड द्या, हे त्यात लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि कॅमेरा आहेच की! अडवलेल्या ट्रॅकचा एकाच जागेवरून रोज एक फोटो काढा. तीस दिवसांचे तीस फोटो एकाखाली एक लावून वॉर्ड ऑफिसला द्या. 'एखाद्या दिवशी गाडी लागली असेल' हे उत्तर मग कोणाला देता येणार नाही. ऑफिसात सायकलला छप्पर आणि एक शॉवर मागा. टेबल टेनिसचं टेबल मिळतं, हेही मिळेल.

पण हे सगळं नागरिकाचं कर्तव्य वगैरे म्हणून करू नका. कर्तव्य म्हणून केलेली गोष्ट दोन आठवडे टिकते. मजा म्हणून करा. ज्याला रोज सकाळी त्या वीस मिनिटांत मजा येते, त्याच्या आड कोणी डीपी उभा केला तर तो भांडतोच. मजा रोजची असेल तरच भांडण रोजचं होतं, आणि महापालिकेला रोजचं भांडणच ऐकू येतं.

तेव्हा मंडळी, उद्या रविवार आहे. खडकवासल्याला जरूर जाऊन या. पण आल्यावर सायकल भिंतीला टांगू नका. खाली, दारात लावा. सोमवारी दूध आणायचंच आहे.