स्वेटर नंतर, आधी चौकोन!

थंडीची चाहूल लागली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. चिखलदऱ्याचे वीकएण्ड प्लॅन सुरू होतात आणि ऑफिसात कुणीतरी जाहीर करतं, ‘या वर्षी मी स्वतः स्वेटर विणणार!’ चिखलदरा होतो. स्वेटर मात्र पाठीच्या अर्ध्यावर अडकतो आणि सुयांसकट माळ्यावर जातो. दोष त्या बिचारीचा (किंवा बिचाऱ्याचा. मुलांनो, तुम्हीही वाचा!) नसतो. पहिल्या वस्तूची निवडच चुकलेली असते. म्हणून आजचा फंडा एकदम सिंपल: पहिली वस्तू अशी घ्या, जी आठवड्यात संपेल.

आधी खरेदी. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक असते. हलकी, स्वस्त आणि थोडी ताणली जाणारी, म्हणून हाताला सोपी. पण ती घाम शोषत नाही आणि गरम भांड्याला लागली तर वितळते. आपण राहतो कापसाच्या मुलखात, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा एक गुंडा सुती हवाच! रंग फिका घ्या, टाके स्पष्ट दिसतात. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या. इथे एक गंमत आहे. आपल्याकडच्या सुयांवर नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. जाड सुई हवी म्हणून 12 नंबर आणलात, तर डोळ्यांत पाणी येईल.

1. ओट्यावरचा चौकोन
सुती धाग्याचे 40 टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. दर दोन ओळींची मिळून एक उठावदार रेघ दिसते. अशा 40 रेघा, म्हणजे 80 ओळी झाल्या की साधारण 20 सेंटीमीटरचा चौकोन तयार. पट्टीसुद्धा नको! ओटा पुसा, नाहीतर दोन चौकोन एकमेकांना शिवून गरम कुकर उतरवायला वापरा. एका चौकोनाचे टाके होतात 3,200. नवशिक्याचा वेग मिनिटाला 15 टाके धरला, तर साडेतीन तास. रोज जेवणानंतर अर्धा तास, आणि आठवड्यात काम फत्ते.

2. मोबाइलचं पाकीट
20 टाके, 34 सेंटीमीटर लांब पट्टी. मधोमध दुमडा, दोन्ही बाजू शिवा. शिवण्याचा सराव इथेच होतो, पुढे स्वेटरच्या बाह्या जोडताना कामी येतो.

3. मफलर
आता अ‍ॅक्रिलिक किंवा खरी लोकर काढा. 30 टाके, दीड मीटर लांबी. हिशेब करा: 600 ओळी, 18,000 टाके, 20 तास. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला होता. त्यांच्याकडे मशिनं होती, आपल्याकडे दोन सुया. रोज अर्धा तास दिला तर 40 दिवस. कोजागिरीला सुरुवात करा, डिसेंबरात गळ्यात घाला. बडनेरा-अकोला अप-डाऊन करणाऱ्यांची तर चांदीच, बसायला जागा मिळाली तर!

शिकायचं कुणाकडून? व्हिडिओ भरपूर आहेत. पण व्हिडिओला तुमच्या सुईवरचे टाके दिसत नाहीत. घरातल्या बाईला दिसतात. माझ्या अकोल्याच्या मोठी आईला मोतीबिंदूमुळे गडद धागा आता नीट दिसत नाही. तरी विणलेल्यावरून नुसतं बोट फिरवून ती टाका कुठे सुटला ते सांगते. तिचा सल्ला एकच, ‘‘टाके मोज बाप्पा आधी, मंग पुढे जाय.’’ त्यात सगळं आलं. धागा चुकून सुईवरून गेला की 40 चे 43 होतात आणि चौकोन पतंगासारखा तिरपा होतो. दर ओळीच्या शेवटी मोजलं, तर दोन मिनिटांत दुरुस्ती. टाका सुटलाच तर क्रोशाच्या सुईने खालून एकेक धागा वर ओढत आणायचा.

पैसे वाचवायला विणू नका. हिवाळ्यात लागणाऱ्या तिबेटी लोकांच्या दुकानांत तयार स्वेटर मिळतोच आणि लोकर-वेळेचा हिशेब मांडला तर तो स्वस्तच पडतो. पण घरातल्या प्रत्येक बाळाची टोपडी-मोजे जिने विणले, तिच्या डोक्यातली मापं कुठल्याच वहीत नाहीत. टाचेला किती टाके कमी करायचे, काखेत कधी उतरवायचे, हे तिने कधी लिहून ठेवलं नाही. कारण कुणी विचारलंच नाही. आपली आई, मावशी, मोठी आई अजून टाके मोजू शकतात, तोवर विचारून घ्या. मोबाइलवर त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढा, मापं वहीत उतरवा.

आणि पहिला चौकोन वाकडा झाला तरी उसवू नका. ओटा काय, वाकड्या चौकोनानेही पुसला जातो!